नमस्कारानंतरची जागा

अक्का, परवा तुमची शोकसभा झाली. तुम्ही तिथे नव्हता, हे एका परीनं बरंच झालं. कोणी फोनवर फार लांबण लावली की "हॅलो, हॅलो, आवाजच येत नाही हो" असं गोड म्हणत तुम्ही टेलिफोन बोर्डातली पिन उपटायचात. परवाची भाषणं ऐकून तुम्ही सभागृहाचा माइकच उपटला असता. पहिल्या वक्त्यानं तुम्हाला 'संवादसेतू' केलं, दुसऱ्यानं 'मूक साधिका'. सगळा जन्म टेलिफोनवर बोलण्यात घालवलेल्या बाईला मूक म्हणायला वेगळीच प्रतिभा लागते. तिसरे साहेब तुम्ही निवृत्त झाल्यावर कारखान्यात आले, तुम्हाला त्यांनी कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे ते सगळ्यांत जास्त वेळ बोलले.

मलाही बोलायला सांगितलं होतं. घसा बसलाय म्हणून सुटलो. घसा उत्तम होता. पण आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि हार घातलेल्या फोटोशी भांडत उभा राहिलो असतो तर लोकांना वाटलं असतं, दुःखानं याचं डोकं फिरलं. शिवाय भांडणाखाली एक कबुलीही आहे. चार वर्षं ती माझ्या ओठांपर्यंत येऊन परत गेली. तुम्ही ऐकायला असताना दिली नाही, म्हणून आता कागदावर देतो.

मी धुळ्याहून बी.ए. होऊन मोटारपंपाच्या कारखान्यात कारकून म्हणून आलो, तेव्हा तुम्ही बोर्डावर मुरलेल्या होतात. जळगावहून नशिराबादकडे जाताना हायवेला लागून कारखाना, आणि दारातून शिरताच डाव्या हाताला तुमची काचेची खोली. लाकडी बोर्ड, पितळी पिना, लाल-काळ्या दोऱ्या. फोन आला की एक इवलीशी झडप टक् करून खाली पडायची. मी पहिल्याच दिवशी शहाण्यासारखं विचारलं, की एका वेळी चार झडपा पडल्या तर आधी कोणाला घ्यायचं, याचा नियम काय?

"धाप ऐकायची, भाऊ," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं, बाई थट्टा करतात. पण तो नियमच होता. गावात फोन एकच, सोसायटीच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत. ज्याची मोटर जळाली तो शेतातून पळत येणार. शहरातला विक्रेता मात्र खुर्चीत रेलून बोलणार. तुम्ही चारही लाइनींवर क्षणभर कान द्यायचात आणि ज्याचा श्वास लागलेला असेल त्याला उचलायचात. मग ठरलेले दोन प्रश्न. "नमस्कार, कुठून बोलता?" आणि "पाणी आहे का?" एवढ्यात तुम्हाला कळायचं, की याला सर्व्हिस खात्यातल्या सलीम मिस्त्रींकडे लगेच द्यायचा, की थोडा थांबवला तरी चालेल.

मंत्रालयातून आपल्या मालकांना, शेठजींना फोन आला होता आणि त्याच वेळी शिरपूरकडचे रतन आबा धापा टाकत लाइनीवर होते, तो दिवस मी विसरणार नाही. तुम्ही आधी आबांना सलीमकडे जोडलं. शेठजी लालबुंद होऊन काचेच्या खोलीत आले.

"अक्का, मंत्रीसाहेबांचा पीए होता! त्याला थांबवता?"

"विचारलं होतं, शेठजी. त्यांच्या बंगल्यावर नळाला पाणी आहे."

शेठजी परत गेले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त मोठ्या गोष्टी आवडायच्या.

असंच एकदा मुंबईत कोणाच्या तरी कचेरीत फोनवर मशीन बोलतं हे त्यांनी पाहिलं, आणि दोन महिन्यांत आपल्याकडे पांढऱ्या कपाटात नवं एक्सचेंज आलं, त्याला जोडलेलं व्हॉइस मेल आलं, आणि उद्घाटनाचा मांडव आला. निमंत्रणपत्रिकेवर त्याचं नाव 'स्वयंचलित ध्वनिसंदेश प्रणाली' असं छापलं होतं. पाहुण्यांनी नारळ थेट कपाटावरच फोडायला घेतला तेव्हा पुण्याहून आलेला इंजिनिअर रुमाल पसरून मधे पडला. त्या दिवशी सगळ्यांत मनापासून देवाचं नाव त्यानंच घेतलं असावं.

ही प्रणाली सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण इंग्रजी पुस्तकं वाचतो अशी माझी बदनामी होती. दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि विटेएवढी जाड पुस्तिका. कोणाला कोणता एक्स्टेन्शन नंबर द्यायचा, कोणाच्या फोनवरून एसटीडी लागेल आणि कोणाच्या नाही, हे आता मी ठरवत होतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात मला बरेच नवे मित्र मिळाले आणि दुसऱ्या आठवड्यात ते सगळे गेले.

पण खरी गोष्ट शेठजींनी केबिनमध्ये बोलावून सांगितली. "महिनाभर मशीनला एकटं चालू द्या. बाहेरून येणारा एकही फोन अक्कांकडे जायला नको. जमलं, तर बोर्ड बंद. अक्कांना नरडाण्याच्या गोडाऊनला पाठवू. महिन्याच्या शेवटी मला दाखवा."

तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. रोज जळगाव ते नरडाणा जायचं, यायचं, आणि तिथे दिवसभर पंपांची खोकी बघत बसायची. मी तुम्हाला हे जपून, आडून आडून सांगायला लागलो, तर तुम्ही मधेच म्हणालात, "खोक्यांना काय विचारू रे, भाऊ? कुठून आलात?"

दोघंही हसलो. मग तुम्ही फडकं उचललंत आणि सकाळीच पुसलेल्या पिना पुन्हा पुसायला लागलात. एक एक करून, सगळ्या. तेव्हा मला कळलं, की हसणं संपलेलं आहे.

आणि गंमत अशी, की त्या मशीनला आवाज तुमचाच द्यायचा ठरला. शेठजींना कोणी शहरी मुलगी हवी होती. मीच हट्ट धरला. मला वाटलं, आवाज आत शिरला तर मागोमाग माणूसही टिकेल. हिशेब बाळबोध होता. स्टोअररूमचं दार लावून, पंपांची चाचणी थांबवून, तुम्हाला माइकसमोर बसवलं.

"नमस्कार," तुम्ही म्हणालात. आणि थांबलात.

मी खुणेनं म्हटलं, पुढे.

"त्यांनी नमस्कार म्हणायला नको?"

"अक्का, समोर कोणी नाही."

"आत्ता नाही. फोन करतील तेव्हा असेल ना?"

सात वेळा रेकॉर्डिंग झालं. सातही वेळा नमस्कारानंतर तुम्ही तेवढीच जागा सोडलीत, आणि कागदावर नसलेलं "कुठून बोलता?" सातही वेळा तुमच्या तोंडून गेलं. त्याच्यापुढेही जागा. शेवटी इंजिनिअरच्या पुण्याच्या गाडीची वेळ झाली आणि सातवं आम्ही पास केलं.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हणत होतो, मशीननं नमस्कार म्हणणं हाच ढोंगीपणा आहे. त्याला कशाचं सुख की दुःख? सरळ आकडे सांगावेत आणि माणसाला मोकळं करावं. तुमचं म्हणणं, नमस्कार म्हणायचा असेल तर उत्तराला थांबलंच पाहिजे, थांबायचं नसेल तर म्हणूच नये. मी जगभरच्या शिष्टाचाराचे दाखले द्यायचो. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "झालं? आता मी म्हटलं ते पुन्हा म्हणू का?"

मशीन सुरू झालं. कोणी फोन केला की तुमचा आवाज म्हणायचा, "नमस्कार." जागा. "कुठून बोलता?" मोठी जागा. "विक्रीसाठी एक दाबा, सर्व्हिससाठी दोन दाबा. नाहीतर शिट्टीनंतर निरोप सांगा." शहरात बटणांचे फोन होते, तिथे ठीक चाललं. खेड्यांत अजून गोल डायलचे काळे फोन. तिथे दाबायला काही नव्हतंच. आणि तुम्ही कुठून बोलता म्हणून विचारलंय म्हटल्यावर ती माणसं त्या जागेत सांगायला लागायची. गाव सांगायची, नाव सांगायची, मोटर कशी जळाली ते सांगायची, आणि मधेच तुम्ही एक, दोन असे आकडे म्हणायला लागायचात. शिट्टी वाजेपर्यंत त्यांचं सांगणं संपत आलेलं असायचं. त्यामुळे माझ्या मेलबॉक्समध्ये शेपट्याच तेवढ्या अडकायच्या. "...तर तेवढं आजच बघ, माय." "...बरं, ठेवू मग?" "...नि तुझी कंबर कशी आहे आता?" कोण, कुठला, काय बिघडलं, हे सगळं तुम्ही सोडलेल्या जागेत पडून नाहीसं झालेलं.

दोन आठवड्यांत तापीच्या दोन्ही काठांवर एकच बातमी पसरली, की अक्का बदलली. बोलू देत नाही. मधेच आकडे म्हणते.

तिसऱ्या सोमवारी रतन आबा एसटीनं आले. हातात केळीची मोठी फणी. तुमच्या काचेच्या खोलीच्या दारात पायातल्या वहाणा काढून उभे राहिले. मी शेजारीच होतो.

"अक्का, मन्हं काय चुकनं?" आबा म्हणाले.

"काय झालं, आबा?"

"मी बोलस, नि तू मधमाच आकडा सांगस. दोन दाबा म्हनस. काय दाबू? मन्हा फोनले नुसता भोकंच शेतस!"

मी हसू दाबायला बाहेर जाणार होतो, पण तुमचं तोंड पाहून थांबलो.

"आबा, ती मी नही," तुम्ही त्यांच्याच बोलीत म्हणालात. "ते मशीन शे."

"आवाज तुन्हा, नि तू म्हनस मी नही?" आबांनी फणी टेबलावर ठेवली. "राग येल व्हई तर सोडी दे, माय. पन मोटर बंद शे."

तुम्ही त्यांना पाणी दिलंत, हाताला धरून सलीमकडे नेलंत, त्याच दुपारी आबांच्या शेतावर दुसरी मोटर रवाना झाली. आणि संध्याकाळी तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात.

"भाऊ, रेकॉर्डिंग बदलायचं. जागा काढून टाकायची. शिट्टी आधी, बोलणं नंतर. पहिल्यांदा नाव आणि गाव सांगा म्हणायचं."

मी उठून दार लावलं. "अक्का, तसं केलं तर मशीन नीट चालेल."

"मग?"

"मशीन नीट चाललं तर तुम्ही नरडाण्याला जाल. आत्ता जो गोंधळ चाललाय, तोच तुमची नोकरी वाचवेल. शेठजींना तेवढा दाखवू द्या."

"लोकांची पिकं सुकवून माझी नोकरी वाचवणार का तू?"

"आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

"केळीला सांगून ये, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे म्हणून." तुम्ही दार उघडलंत. "शनिवारी रेकॉर्डिंग करू."

शनिवारी तुम्ही एका दमात, कुठेही न थांबता, पहिल्याच वेळी सगळं म्हणून टाकलंत. इतकं चोख, की मला ते ऐकवेना. सोमवारी मी ते मशीनमध्ये भरायचं होतं.

आता कबुली, अक्का. मी ते भरलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा म्हणालो, पुण्याहून एक सुटा भाग यायचाय. तसा कुठलाही भाग यायचा नव्हता. शेठजींची बैठक पुढच्या मंगळवारी होती, आणि तोवर शेपट्यांचा ढीग मला मोठा हवा होता. म्हणून मी आणखी एक गोष्ट केली. रोज संध्याकाळी मी तो मेलबॉक्स ऐकायचो आणि जेवढं कळेल तेवढं सलीमला कळवायचो, तेही आठ दिवस बंद केलं. पेटी उघडलीच नाही. मार्च संपत आला होता. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, मार्चमधले आठ दिवस म्हणजे काय हे मला पुस्तकात वाचावं लागत नाही. ज्याला फारच घाई असेल तो आबांसारखा एसटीनं येईल, असं मी स्वतःला सांगत होतो. आठ दिवसांत कोणीच आलं नाही. मी त्याचा अर्थ सोयीचा लावला.

मंगळवारची बैठक तुम्हाला आठवत असेल. टेबलाच्या मधोमध स्पीकरफोन. मी मेलबॉक्स लावला. "...तर असं झालं बघ." "...ये मग, वाट पाहतो." "...त्या तुमच्या शेठकडे देऊ नको, तो नुसता भाषण करतो. तूच सांग." इथे सगळ्यांनी एकदम खिडकीबाहेर पाहिलं. शेठजींनी विचारलं, "कोण आहेत हे लोक?" विक्रीचे साहेब म्हणाले सर्व्हिसला विचारा, सर्व्हिसचे साहेब म्हणाले विक्रीला. मी म्हटलं, अक्कांना बोलावू या.

तुम्ही आलात. खुर्चीच्या कडेवर बसलात. डोळे मिटलेत. एक एक शेपटी ऐकून, क्षणभर विचार करून सांगत गेलात. "हे पाडळशाचे. पाच हॉर्सपॉवर. बोअर." "ही साक्रीकडची बाई. नवरा ऐकत नाही म्हणून तीच फोन करते." "हे रतन आबांचे धाकटे भाऊ, आवाज सारखाच, पण हे शेवटी खाकरतात." चाळीसएक निरोप होते. एकही चुकला नाही. माझ्या अंगावर काटा आला. शेठजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "बोर्ड राहू द्या. कचेरी बंद झाल्यावर मशीन चालवा. सकाळी निरोप अक्का ऐकतील." मग शेठजीच ते, त्यांना राहवेना. तुम्हाला 'संदेश व्यवस्थापन अधिकारी' केलं, खोलीच्या दाराला पितळी पाटी लावली. तुम्ही त्या पाटीवर ओलं फडकं वाळत घालायचात.

त्याच संध्याकाळी मी तुमचं शनिवारचं रेकॉर्डिंग भरलं. "आला वाटतं तुझा सुटा भाग," एवढंच तुम्ही म्हणालात.

पुढची दोन वर्षं तुम्ही बोर्डावर होतात. निरोप समारंभाला शाल घेतलीत, श्रीफळ घेतलंत आणि भाषण नाकारलंत. मी अधूनमधून घरी यायचो. आपण भांडायचो. गेल्या महिन्यात आलो तेव्हा तुम्ही पडून होतात, आवाज निम्म्यावर आलेला. तरी विचारलंत, "काय रे, नमस्कारानंतर थांबतोस का आता?" मी म्हटलं, नाही. "म्हणून तुझं लग्न उशिरा झालं," तुम्ही म्हणालात, आणि खोकला येईपर्यंत हसलात. त्या वेळी मी म्हणालो होतो, "अक्का, तुम्हाला एक सांगायचंय." तुम्ही म्हणालात, "सांग ना." मी पंख्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "काही नाही, मागल्या वेळची लिंबाच्या लोणच्याची फोड फार छान होती." तुम्ही नुसत्या माझ्याकडे बघत राहिलात.

मला सांगायचं होतं, की तुमच्या नोकरीसाठी मी त्या आठ दिवसांत कोणाची तरी केळी वाळू दिली. कोणाची, ते मी कधी शोधलं नाही. शोधलं असतं तर सापडलं असतं, म्हणून.

परवा सभा संपल्यावर चहा होता. सलीम मिस्त्री जवळ आले. आता दाढी पूर्ण पांढरी झाली आहे. म्हणाले, "भाऊ, आज तुम्ही का नाही बोललात?" आणि जे तुम्हाला सांगता आलं नाही ते मी बशी हातात धरून त्यांना सांगून टाकलं. सगळं. सुटा भाग, न उघडलेली पेटी, मार्च महिना.

ते आधी ऐकत राहिले. मग हसायला लागले. असे, की लोक वळून पाहायला लागले.

"कोणाची केळी वाळली, भाऊ? एकाची नाही! त्या आठ दिवसांत मी जीपमधून खाली उतरलोच नाही. रोज सकाळी पावणेआठला अक्का गेटवर हजर. हातात चिठ्ठी. हे गाव, हा माणूस, ही मोटर. मी म्हटलं, अक्का, फोन तर सगळे मशीन खातंय, तुम्हाला कुठून कळतं? तर म्हणाल्या, भाऊचा पासवर्ड एक, दोन, तीन, चार आहे."

मी बशी खाली ठेवली. त्या बैठकीत मेलबॉक्स लावताना मशीननं सांगितलं होतं, की नवा निरोप एकही नाही, सगळे ऐकलेले आहेत. मी शेठजींना म्हणालो होतो, मशीनचा काहीतरी घोटाळा आहे. आणि तुम्ही समोर डोळे मिटून बसला होतात, प्रत्येक शेपटीला क्षणभर विचार करत! चाळीसही माणसांच्या मोटारी तेव्हा दुरुस्त होऊन चालू होत्या, अक्का. आयुष्यभर मी लोकांच्या नाटकांना हसत आलो, आणि त्या दिवशी पहिल्या रांगेत बसून तुमचं नाटक पाहिलं आणि अंगावर काटा आणून घेतला.

"मला का नाही सांगितलं?" मी सलीमना विचारलं.

"मी म्हटलं होतं ना, भाऊला सांगू का? अक्का म्हणाल्या, नको. जन्मात पहिल्यांदा लबाडी करतोय बिचारा, करू दे. त्याला वाटू दे, नोकरी त्यानंच वाचवली म्हणून."

मग मीही हसलो. शोकसभेत, सलीम मिस्त्रींच्या खांद्याला धरून, त्यांचा चहा सांडेपर्यंत. चार वर्षं वाहिलेलं ओझं असं एका चहात उतरेल असं वाटलं नव्हतं. उतरलं ते उतरलं, वर चार वर्षं मनातल्या मनात थोपटलेली पाठही परत करावी लागली.

आज सकाळी कचेरीत गेल्यावर आधी मशीनसमोर बसलो, पासवर्ड बदलायला. बराच वेळ बसलो. मग तसाच उठलो.